मालवण : अल्पखर्ची सागरबुडी

मालवण : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व अरबी समुद्रकाठचे जुने बंदर. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला (पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४), दक्षिणेस सु. ७ किमी.वर तारकर्ली आणि त्यापुढे कर्ली नदीच्या मुखाशी देवबाग. ही नोंद मुख्यतः ज्या मराठवाड्यातून येणाऱ्यांसाठी आहे, त्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनानुसार तेथील पैठण व तेरचा मालसुद्धा गाड्यांवरून गुजरातेतील भडोच बंदराला जाई. त्यामुळे लातूर-परभणीकडच्या माणसाची आणि मालवणची ओळख मुख्यतः अलीकडच्या पर्यटनातून झालेली दिसते. प्रस्तुत नोंदीत सागरबुडी (स्कूबा डायव्हिंग) व तिथवरचा कमी खर्चातला प्रवास एवढाच भाग विस्ताराने घेतला आहे.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. एका मतानुसार मिठागरांवरून ‘महालवण’ व त्याचे मालवण झाले; दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘माडबन’. गावात माड भरपूर असल्याने दुसरे मत लोकप्रिय आहे. तथापि ‘माडबन’मधील ड, ब व न ही तिन्ही व्यंजने बदलल्याशिवाय मालवण हाती येत नाही, ‘महालवण’मध्ये फक्त ‘ह’ गळतो, ल-व-ण तसेच राहतात. याच जिल्ह्यातील शिरोडे येथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, म्हणजे या किनाऱ्यावर मिठागरे होती हेही उघड आहे. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींच्या नावांतील ‘बाव’ संस्कृत ‘वापी’पासून आला असून मराठवाड्यातील ‘बारव’ (पायऱ्यांची विहीर) हा शब्द त्याचाच नातलग असावा. चहूकडे खारे पाणी असताना या विहिरी गोड कशा, हा प्रश्न बारवांच्या मुलखातून आलेला माणूस हमखास विचारतो. बेटावर मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण देता येते.

किल्ल्याभोवतीचे खडक व प्रवाळ यांमुळे १९८७ मध्ये येथे २९.१२ चौ. किमी. क्षेत्राचे सागरी अभयारण्य घोषित झाले. पाण्याची नितळाई ऋतूवर अवलंबून असते. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, समुद्र खवळतो आणि होड्या ओढून ठेवल्या जातात. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यात समुद्र चालतो, पण मुक्कामाचे दर चढतात. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी गेल्यास तीच खोली बरीच स्वस्तात पडते.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी एक सवय किनाऱ्यावरच सोडावी. विहिरीत सूर मारणारा वर छाती भरून घेतो, तळाशी दम धरतो आणि तीच हवा घेऊन वर येतो. खाली आक्रसलेली ती हवा वर येताना पुन्हा मूळच्या मापाची होते, त्यामुळे फुप्फुसांवर ताण येत नाही. सागरबुडीत पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा खोलवरच आत घेतली जाते. १० मी. खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; तेथे छाती भरून दम धरला आणि तसेच वर आले, तर त्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते व फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून श्वास सतत चालू ठेवणे हा पहिला नियम. पट्टीच्या पोहणाऱ्याला तो नवशिक्यापेक्षा जड जातो. कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे. दुखू लागल्यावर नव्हे, त्याआधीच. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेल्याला सिलिंडर पाहून तो डबा आठवतो, फरक इतकाच की डबा बुडू देत नसे. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाच्या हाती धरून उथळ बुडी घेता येते. पैसे वाचवायचे तर मुखवटा व नळी लावून पृष्ठभागावरून तळ पाहणे (स्नॉर्केलिंग) पुरते. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची सागरबुडी प्रशिक्षण संस्था आहे.

प्रवास : नांदेड-पनवेल गाडीने लातूर, कुर्डुवाडी, पुणेमार्गे पनवेलला उतरून कोकण रेल्वेने कुडाळ गाठता येते, तेथून मालवण सु. ३० किमी. एस. टी.ने कोल्हापूर व पुढे फोंडा किंवा करूळ घाट हा मार्ग पाठदुखीचा असला तरी महिलांना (मार्च २०२३ पासून) अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास असल्याने घरच्या मंडळींसह तो बहुधा सर्वांत स्वस्त ठरतो. बुडीनंतर लगेच उंचावर जाऊ नये. एका साध्या बुडीनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास सोडावेत, असा संकेत आहे. घाट तेवढा उंच नाही. तरी त्याच संध्याकाळची गाडी पकडण्यापेक्षा बुडी पहिल्या दिवशी उरकून किल्ला दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

मुक्काम घरगुती ‘न्याहारी व निवास’ खोल्यांत मिळतो. जेवणाबद्दल वेगळे सांगायला नको. ज्वारीची भाकरी मात्र मिळेलच असे नाही, तांदळाची मिळते.