ॲक्रिलिक कापताना वितळतं, जोडल्यावर तडकतं

घरी ॲक्रिलिकचं काही करून बघणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या. जिगसॉने शीट कापायला घ्यावी, तर पातं पुढे जातं आणि मागची चीर पुन्हा बुजून बसते. आणि हौसेने जोडलेला, कडा चमकवलेला डबा थोडे दिवस कपाटात ठेवला की कडेकडेने चंदेरी, केसाएवढ्या बारीक रेषा उमटतात. पहिल्याचं खापर पात्यावर फुटतं, दुसऱ्याचं दुकानदाराने दिलेल्या ‘लिक्विड’वर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. ॲक्रिलिकमध्ये शिरलेली उष्णता तिथेच अडकून राहते आणि तिने आत घातलेला ताण शीट थंड झाल्यावरही जात नाही. दोन्ही तक्रारींचं मूळ तिथे आहे.

दारावरची नेमप्लेट, माशांची टाकी, 2018च्या थर्माकोल बंदीनंतर गणपतीत जास्त दिसू लागलेली लेझरने कापलेली मखरं, या सगळ्यांतला पदार्थ एकच, पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. प्लेक्सिग्लास हे त्याचं नाव जर्मनीत डार्मश्टाटच्या ऑटो रोम यांच्या कंपनीने 1933 मध्ये नोंदवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीतल्या रोलंड हिल आणि जॉन क्रॉफर्ड यांच्या कामातून तोच पदार्थ पर्स्पेक्स या नावाने बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छतं त्याची झाली. फुटलेल्या छतांच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत गेल्या तरी डोळा त्या निमूट सहन करतो, हे हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हेरलं आणि 1949 मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच पदार्थाचं भिंग बसवलं. कवळीचा गुलाबी भागही बहुतेक वेळा याच पदार्थाचा असतो.

आतून हा पदार्थ म्हणजे शिजलेल्या शेवयांचा गोळा. मिथाइल मेथॅक्रिलेटचे रेणू एकामागे एक जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या तयार होतात आणि त्या एकमेकींत गुंतून पडतात. साध्या तापमानाला हा गुंता गोठलेला असतो. साधारण 105 अंश सेल्सिअसच्या पुढे साखळ्या सरकायला लागतात आणि शीट मऊ पडते. म्हणजे पाणी उकळतं त्याच्या जेमतेम पाच अंश वर. त्यात भर म्हणजे ॲक्रिलिक उष्णता वाहून नेण्यात फार आळशी. काचेच्या तुलनेत ते पाचपट आणि ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे हजारपट कमी उष्णता वाहून नेतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर करवत चालवली की घर्षणाची उष्णता सगळ्या पत्र्यात पसरते. इथे ती चिरेपाशीच साचते, भुसा वितळतो आणि पातं पुढे गेलं की मागे घट्ट जमतो.

म्हणून जिगसॉला मोठ्या दातांचं पातं लावायचं, वेग कमी ठेवायचा आणि पातं थांबू न देता पुढे नेत राहायचं. मोठा दात जाड कीस काढतो आणि बरीचशी उष्णता त्या किसाबरोबरच बाहेर जाते. बारीक दाताने काम सफाईदार होईल असं वाटतं, पण तो नुसता घासत बसतो. वरचा कागद किंवा फिल्म काम संपेपर्यंत काढायची नाही.

शीट विकत घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: कास्ट आहे की एक्स्ट्रूडेड? कास्ट शीट दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून, तो तिथेच घट्ट होऊ देऊन बनवतात. तिच्यातल्या साखळ्या फार लांब असतात, एकेकीत 10 हजारांच्या आसपास कड्या. एक्स्ट्रूडेड शीट वितळवलेला माल फटीतून दाबून काढतात. तिच्यातल्या साखळ्या त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, त्यामुळे ती लवकर मऊ पडते आणि ड्रिलला चिकट तारांसारखी गुंडाळते. ती स्वस्त असते आणि जाडीला एकसारखी. कास्टची जाडी एकाच शीटमध्येही थोडी कमीजास्त भरते, तेव्हा खाचेत बसवायचे भाग नेमप्लेटवाल्याच्या ‘3 एमएम’ या शब्दावर विसंबून न कापता कॅलिपरने मोजून कापलेले बरे. दोन्हींपैकी निवडायची वेळ आली तर घरच्या कामासाठी माझं मत कास्टला.

पातळ शीट सरळ कापायची असेल तर करवत लागतच नाही. पोलादी पट्टी घट्ट धरून, आकडीसारख्या टोकाच्या कटरने एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा ओढत जायचं. प्रत्येक वेळी पांढरा कीस निघतो आणि चर खोल होत जातो. जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत चर गेला की तो टेबलाच्या कडेवर आणून, तोंड वरच्या बाजूला ठेवून, बाहेरचा भाग झटक्यात खाली दाबायचा. 4-5 मिलिमीटरपर्यंत हे छान जमतं.

काच कापणारा मात्र एकदाच चाक फिरवतो, जेमतेम दिसेल असा ओरखडा काढतो आणि काच दुभंगते. मग इथे एवढी मेहनत का? विमानांच्या संशोधनात काम करणारे इंग्रज अभियंता ॲलन ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये काचेच्या अभ्यासातून मांडलं की तडा पुढे जायला नवा पृष्ठभाग तयार करण्याची ऊर्जा लागते. वस्तू वाकवल्याने साठलेला ताण जिथे तेवढी ऊर्जा पुरवू शकतो, तिथे तडा धावतो. काचेला ही ऊर्जा फार थोडी लागते. ॲक्रिलिकला तिच्या पन्नासेक पट लागते, कारण तड्याच्या टोकाशी साखळ्या नुसत्या तुटत नाहीत. त्या गुंत्यातून ओढल्या जातात, ताणून त्यांचे अतिसूक्ष्म धागे होतात आणि बरीच ऊर्जा त्यातच खर्च होते. या धाग्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

भोक पाडताना वेगळीच पंचाईत. धातूचा साधा ड्रिल बिट ॲक्रिलिकमध्ये स्क्रूसारखा घुसतो आणि खालून बाहेर पडता पडता एक त्रिकोणी कपचा उडवतो. बिटच्या कापणाऱ्या दोन कडा ऑइल स्टोनवर किंचित घासून चपट्या केल्या की तो घुसायचं सोडून खरवडायला लागतो. खाली लाकडाची फळी, भोकावर साबणाच्या पाण्याचे थेंब, आणि दर थोड्या खोलीला बिट वर काढून कीस झटकणं, इतकं पुरतं. स्क्रूने शीट बसवायची असेल तर भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं. 1 मीटर लांबीची शीट 30 अंशांच्या फरकाने 2 मिलिमीटर वाढते. गच्चीवरच्या बोर्डाला घट्ट आवळलेल्या स्क्रूपाशीच तडे का पडतात, ते यावरून कळेल.

आता कडा. करवतीच्या खुणा काढायला सगळ्यांत गुणी हत्यार फुकटात मिळतं: जुन्या हॅक्सॉ ब्लेडची दात नसलेली बाजू. पातं कडेवर जवळजवळ उभं धरून अंगाकडे ओढलं की पारदर्शक, लांब, गुंडाळी होणारा कीस निघतो आणि कड एकदम सपाट होते. मग वॉटर पेपर, तोही ओला. 220, 400, 800, 1000, 2000 असा चढता क्रम. प्रत्येक पेपर आधीच्याला काटकोनात फिरवला म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. 220 च्या पेपरचे कण सुमारे 68 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, 1000 चे 18 आणि 2000 चे 10 मायक्रॉन. प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ओरखडे तिच्यापेक्षा उथळ होत नाहीत तोवर प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि कड दुधी दिसते. म्हणून शेवटी गाडीच्या रंगाची रबिंग पेस्ट मऊ कापडावर घेऊन घासावं लागतं.

काम किती राहिलंय ते बघायची एक गंमत आहे. दुधी कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंबाखालचा भाग क्षणात काचेसारखा स्वच्छ होतो, थेंब पुसला की पुन्हा दुधी. पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो ते अपवर्तनांक सांगतो. ॲक्रिलिकचा तो 1.49, हवेचा 1, पाण्याचा 1.33. ओरखड्यांत हवेऐवजी पाणी भरलं की प्रकाशाला वळायला कारणच फारसं उरत नाही. थेंबाखालूनही ज्या रेघा दिसत राहतात, त्या खोल आहेत. त्यांच्यासाठी मागच्या पेपरवर जावं लागेल.

या सगळ्या घासाघाशीला कंटाळून अनेक जण कडेवरून गॅस टॉर्चची ज्योत फिरवतात. वरचा थर वितळतो, ओरखडे बुजतात, कड आरशासारखी. चमक अगदी खरी, पण तिची किंमत जोडताना वसूल होते.

ॲक्रिलिक गोंदाने जोडत नाहीत. सुपरग्लू चिकटतो, पण सांध्याभोवती पांढरट धूर धरतो आणि झटक्याला सुटतो. कारागीर वापरतात तो द्रावक, म्हणजे ॲक्रिलिक विरघळवणारा द्रव: आपल्याकडे बहुधा क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन. दोन कडा एकमेकींना नीट टेकवून, पातळ सुईच्या सिरिंजने फटीच्या तोंडाशी द्रावक सोडला की तो आपोआप आत धावतो. जाताना दिसतोही: चंदेरी फट एका बाजूने काळसर, पारदर्शक होत जाते आणि मध्ये बुडबुडा राहिला असेल तर तेवढा ठिपका चमकत राहतो. ही केशाकर्षणाची किमया. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, आणि हे द्रावक पाण्याच्या साधारण निम्मेच दाट. कड वाकडी असेल तर रुंद भागात द्रावक जातच नाही, म्हणून सगळं यश आधीच्या सपाटीवर. आत गेलेला द्रावक दोन्ही कडांचा वरचा थर फुगवतो, साखळ्या मोकळ्या होतात आणि पलीकडच्या साखळ्यांत शिरतात. द्रावक उडून जातो, गुंता पुन्हा गोठतो. सांध्यात तिसरा पदार्थ उरतच नाही. पाच-दहा मिनिटांत तुकडे हलेनासे होतात, पूर्ण ताकद यायला मात्र दिवस-दोन दिवस द्यावेत.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हाच सांधा पांढरा पडतो. डायक्लोरोमिथेन 40 अंशांनाच उकळतं, म्हणजे ते झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. जुलैच्या हवेत दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, हवेच्या तापमानाच्या दोन-चार अंशच खाली असतो, तेव्हा गार झालेल्या कडेवर बाष्प जमतं आणि सांध्यात अडकतं. कोरड्या दिवसाची वाट बघावी, नाहीतर एसीच्या खोलीत जोडावं. पण बंद खोलीत ही वाफ कोंडते आणि ती अजिबात क्षुल्लक नाही.

डायक्लोरोमिथेन शरीरात गेलं की त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. क्लोरोफॉर्म यकृताला घातक. अमेरिकेत 2024 मध्ये डायक्लोरोमिथेनच्या घरगुती वापरावर बंदी आली. आपल्याकडे मात्र क्लोरोफॉर्म विनालेबल बाटलीत हातात पडतो, हे मला बिलकूल पटत नाही. दोन्हींची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, म्हणजे ती जमिनीलगत साचते. आणि आपण घरची कामं करतो ती खाली मांडी घालून. टेबलावर काम करावं, खिडकी उघडी, पंखा वाफ बाहेर ढकलेल असा. जवळ गॅस पेटलेला नको, कारण ज्योतीत या वाफांतून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. नायट्राइलचे हातमोजे डायक्लोरोमिथेनला मिनिट-दोन मिनिटंच अडवतात. थेंब पडला की लगेच बदलायचे.

आता त्या चंदेरी रेषा. ज्योत फिरवली तेव्हा कडेचा वरचा थर 105 अंशांच्या पुढे गेला. त्याला प्रसरण पावायचं होतं, पण आतला थंड भाग जागचा हलेना, म्हणून तो थर मऊ होऊन दबून बसला. थंड होताना त्याला आकसायचं होतं, तेव्हाही आतल्या भागाने धरून ठेवलं. परिणामी थर कायमचा ताणलेला राहिला, आणि वरून दिसलं काहीच नाही. त्या ताणलेल्या थरावर द्रावक आला की साखळ्यांची पकड सैल होते आणि त्या गुंत्यातून सुटून ओढल्या जातात. चर पाडून शीट मोडताना ज्या धाग्यांनी तडा अडवला, तेच धागे इथे ताणाच्या जोराने हजारो ठिकाणी तयार होतात. धाग्यांच्या मधल्या पोकळ्यांवरून प्रकाश परततो म्हणून रेषा चंदेरी दिसते. ती अजून तडा नसते, पण पुढे तडा तिथूनच जातो. लेझरने कापलेल्या कडेचीही हीच कथा.

यावर उपाय दोन. एक तर जोडायच्या कडेला ज्योत दाखवायचीच नाही, ती कड खरवडून नुसती सपाट ठेवायची. दुधी कड द्रावकाला उलट आवडते आणि जोडल्यावर ती आपोआप पारदर्शक होते. दुसरा उपाय म्हणजे जोडण्याआधी तुकडे 80 अंशांच्या आसपास काही तास ठेवून हळूहळू थंड होऊ देणं. साखळ्यांना वितळण्याइतकी नाही, पण अंग सैल करण्याइतकी मोकळीक मिळते. यासाठी स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नये. त्याचा काटा 80 दाखवतो तेव्हा आतला तापलेला रॉड त्याच्या कितीतरी पुढे असतो आणि त्याच्या बाजूचा तुकडा वाकतो.

तयार डबा पुसतानाही हेच लक्षात ठेवावं. स्पिरिट, सॅनिटायझर, अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा हे सगळे ताणलेल्या ॲक्रिलिकला त्या द्रावकासारखेच, फक्त सावकाश छळतात. भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी आणि मऊ सुती कापड घ्यावं, आणि कापड फिरवण्याआधी धूळ पाण्याने वाहून जाऊ द्यावी.