फेमटोसेकंद लेसरने प्रकाशतंतूत ग्रेटिंग लिहिणे

प्रकाशतंतूच्या गाभ्यात फेमटोसेकंदांत (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग) मोजल्या जाणाऱ्या अतिलघू लेसर स्पंदांनी अपवर्तनांकाचे (काच प्रकाशाला किती मंदावते ते दाखवणाऱ्या संख्येचे) समान अंतरावरचे कायमस्वरूपी बदल घडवण्याचे तंत्र. अशा ग्रेटिंगवर प्रकाश पडला की ठरावीक तरंगलांबी मागे फिरते, बाकीचा प्रकाश पुढे जातो. परतणारी तरंगलांबी म्हणजे अपवर्तनांक आणि दोन खुणांमधले अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. तंतू तापला वा ताणला गेला की ती सरकते (१५५० नॅनोमीटरजवळ दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१ नॅनोमीटर), म्हणूनच तापमान आणि ताण मोजण्यासाठी ग्रेटिंग वापरतात.

पहिले तंतू-ग्रेटिंग १९७८ मध्ये कॅनडात, ओटावा येथे केन हिल व सहकाऱ्यांनी केले. पुढे रूढ झालेल्या अतिनील पद्धतीत काच प्रकाशसंवेदी असावी लागते; त्यासाठी गाभ्यात जर्मेनियम असते, वर अनेकदा तंतूत दाबाखाली हायड्रोजनही मुरवतात. नेहमीचे ॲक्रिलेटचे आवरण अतिनील किरण शोषते, म्हणून ते सोलावे लागते आणि उघडी पडलेली काच कमकुवत होते.

फेमटोसेकंद लेसरला ही अडचण येत नाही. १०० फेमटोसेकंदांत प्रकाश जेमतेम ३० मायक्रोमीटर जातो; एवढ्या अल्प काळात सगळी ऊर्जा एकवटल्याने केंद्रबिंदूची तीव्रता प्रचंड होते. ८०० नॅनोमीटरचा एकटा फोटॉन शुद्ध सिलिका शोषत नाही, पण तिथे अनेक फोटॉन एकाच वेळी शोषले जातात आणि काचेची रचना बदलते. वाटेतल्या आवरणाला मात्र धक्का लागत नाही.

२००३ मध्ये ओटावाच्याच स्टीफन मिहाइलोव्ह यांच्या गटाने फेज मास्क (प्रकाशाचा समान अंतराच्या पट्ट्यांचा नमुना पाडणारी बारीक खाचांची काच) वापरून, तर २००४ मध्ये ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठात एकेक बिंदू टिपत अशी ग्रेटिंग लिहिली गेली. दुसऱ्या रीतीत सगळी मदार तंतू सरकवण्याच्या वेगावर असते. सेकंदाला १००० स्पंद आणि ०.५३६ मायक्रोमीटर अंतर हवे असेल, तर वेग सेकंदाला ०.५३६ मिलीमीटर. वेग बदलला की तरंगलांबी बदलते, नवा मास्क लागत नाही. मात्र जेमतेम ८–९ मायक्रोमीटरच्या गाभ्यावरून नेम ढळू द्यायचा नसतो. शिवाय तंतूची गोलाई किरण वाकवते, म्हणून भिंग आणि तंतू यांच्यामध्ये काचेच्याच अपवर्तनांकाचे तेल घालतात.

या तंत्राचे खरे मोल उष्णतेत कळते. साधे अतिनील ग्रेटिंग काही शे अंशांवर पुसट होऊ लागते. फेमटोसेकंद लेसरने काचेला सूक्ष्म इजा करून केलेले ग्रेटिंग १००० अंशांच्या आसपासही टिकते. त्याहून वर सिलिकाच मऊ पडू लागते, तेव्हा सुमारे २०५० अंशांवर वितळणाऱ्या नीलमणी तंतूत ग्रेटिंग लिहितात. त्या तंतूला बाहेरचे काचेचे वेष्टण नसते आणि त्यातून प्रकाशाचे अनेक मोड (पुढे जाण्याच्या वेगवेगळ्या रीती) एकदम धावतात, त्यामुळे परतणारा प्रकाश रुंद पट्ट्यात पसरतो आणि मोजणी तेवढी अवघड होते.