रंगपंचमीचा थेंब आणि शटरची फट

रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उडवणारी मिरवणूक, आली की टँकरवरच्या पंपांतून रंगीत पाण्याचे फवारे थेट वाड्याच्या वरच्या मजल्यांकडे झेपावतात. इंदुरात ज्याच्या हातात कॅमेरा आहे, त्याने हा फवारा एकदा तरी टिपायचा प्रयत्न केलेलाच असतो. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी कॅमेऱ्याची झडप, सव्वाशेवर (१/१२५ सेकंद) राहिली तर फोटोत थेंब येत नाहीत, नुसत्या गुलाबी रेघा येतात. सेकंदाला १० मीटर वेगाने निघालेला थेंब १/१२५ सेकंदात ८ सेंटिमीटर सरकतो, १/२००० मध्ये फक्त ५ मिलिमीटर. म्हणून जाणती माणसं नव्याला पहिलं सांगतात, ‘दोन हजारावर ठेव.’

हे दोन हजार गाठायला फार काळ लागला, आणि सुरुवातीची अडचण शटरची नव्हतीच. ती फिल्मच्या जागी वापरायच्या काचेची होती. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. दुसरे तुकोजीराव होळकर यांचा आश्रय त्यांना लाभला. तो ओल्या काचांचा जमाना. कोलोडियन नावाचं चिकट द्रावण लावलेली काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि लगेच धुवायची. भिंगावरचं टोपण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे, पुन्हा लावायचं. जिथे हाताने भागत होतं तिथे शटरची गरज कोणाला पडणार?

१८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिज याने पालो आल्टोला १२ कॅमेरे ओळीने मांडून धावता घोडा टिपला, तोही ओल्या काचांवरच. धावताना एका क्षणी चारही पाय अधांतरी असल्याचं सिद्ध झालं, पण प्रकाश इतका अपुरा पडला की घोडा सावलीसारखा काळा उमटला. खरी सुटका कोरड्या काचेने केली. रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये काचेवर जिलेटिन आणि चांदीच्या क्षाराचं मिश्रण लावायचा मार्ग दाखवला, तर चार्ल्स बेनेट याने १८७८ मध्ये ते मिश्रण ऊबेत मुरवून त्याची संवेदनशीलता कितीतरी वाढवली. आता भर उन्हात सेकंदाचा अगदी लहानसा अंश पुरायला लागला. हाताला ते जमणं शक्य नव्हतं, यंत्र हवं होतं.

ते यंत्र म्हणजे काचेपुढून धावणारा, मध्ये फट असलेला पडदा. ओटोमार आन्शुट्झ याने त्याच्या जोरावर १८८४ मध्ये उडते करकोचे टिपले. युक्ती मला आजही थक्क करते: पडद्याचा वेग फारसा वाढवायचा नाही, फट अरुंद करायची. पुढच्या शंभर वर्षांतल्या वेगवान शटरांचा पाया हाच.

काकांचा निकॉन एफएम२ कॅमेरा माझ्याकडे आहे. १९८२ चं हे मॉडेल, १/४००० पर्यंत जाणारं. मागचं झाकण उघडलं की टायटॅनियमची पातळ पाती दिसतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली. त्यांना बोट लावायची काकांची सक्त मनाई होती. चार हजारावर त्यांच्यातली फट जेमतेम २ मिलिमीटर असते. म्हणजे अख्खा फोटो एका क्षणी निघतच नाही, पट्ट्यापट्ट्याने निघतो. जुन्या शर्यतींच्या फोटोंत मोटारीची चाकं तिरकी झुकलेली दिसतात ती याचमुळे.

दुसरी वाट शटरऐवजी प्रकाशच क्षणभर पाडायची. टॅलबॉट याने १८५१ मध्ये विजेच्या ठिणगीत फिरता छापील कागद टिपला आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या हॅरोल्ड एजर्टन याने १९३१ पासून स्ट्रोब, म्हणजे क्षणभर लखलखणारा दिवा, वापरून तीच वाट रुंद केली. पण ती अंधाऱ्या खोलीत चालते, राजवाड्यासमोरच्या उन्हात नाही.

२०२३ मध्ये सोनीने ए९ थ्री हा कॅमेरा आणला. त्यात फटच नाही. सगळा सेन्सर एकाच वेळी उघडतो आणि वेग १/८०००० पर्यंत जातो. तरी काळ जितका आखडावा तितका प्रकाश कमी पडतो, हे ओल्या काचेपासून बदललेलं नाही. गेरीत गुलालाचा ढग उठून ऊन अडलं की मी दोन हजारावरून हजारावर येतो. थेंब किंचित लांबट येतात, पण त्यांच्याखाली नाचणाऱ्यांचे चेहरे दिसतात.