सेंट्रल लाईनचा जंतुसंसर्ग: शिकवायचं कुणाला आणि काय?

आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णाच्या मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली अनेकदा एक बारीक नळी बसवलेली असते. तिला सेंट्रल लाईन म्हणतात. मोठ्या माणसांसाठीची नेहमीची लाईन १५ ते २० सेंटिमीटर लांब आणि सव्वादोन-अडीच मिलिमीटर जाड असते. तिच्या आत बहुतेक वेळा तीन वेगवेगळे मार्ग असतात आणि तिचं टोक हृदयाच्या अगदी जवळच्या मोठ्या शिरेत पोहोचतं. नॉरअॅड्रेनलिनसारखं रक्तदाब वाढवणारं औषध हाताच्या छोट्या शिरेबाहेर झिरपलं तर तिथली त्वचा मरू शकते, म्हणून ते मोठ्या शिरेतून देणं सुरक्षित असतं. पण हीच लाईन जंतूंनाही थेट रक्तात जायला वाट करून देते.

जंतू मुख्यतः दोन वाटांनी शिरतात. पहिली वाट नळीच्या बाहेरून: जिथे सुई टोचली तिथल्या त्वचेवरचे जंतू नळीच्या पृष्ठभागाला धरून आत सरकतात. पहिल्या काही दिवसांतला संसर्ग बहुधा असा होतो. दुसरी वाट नळीच्या आतून: इंजेक्शन देताना, सलाईनचा सेट बदलताना, रक्त काढताना हबला म्हणजे जोडणीच्या तोंडाला हात लागतो आणि तिथले जंतू औषधाबरोबर आत ढकलले जातात. लाईन जितके जास्त दिवस राहते तितकी ही दुसरी वाट महत्त्वाची ठरते. एकदा आत पोहोचले की जंतू प्लास्टिकवर स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो तसा. त्या थरात प्रतिजैविकं नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे अनेकदा लाईन काढूनच टाकावी लागते.

संसर्ग कसा टाळायचा हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. तरी तो होत राहिला, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचा सगळा प्रश्न इथेच आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणं; टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज घालून रुग्णाचं पूर्ण अंग निर्जंतुक कापडाने झाकणं; त्वचा क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करणं; शक्यतो जांघेतली शीर टाळणं; आणि गरज संपली की लाईन काढणं. डॉक्टर लाईन टाकत असताना सिस्टरांनी निरीक्षण केलं, तेव्हा साधारण ६२ टक्के वेळाच सगळ्या पायऱ्या पाळल्या गेल्याचं दिसलं. कारणं अगदी साधी होती. सामान एका जागी नव्हतं, वेगवेगळ्या कपाटांतून गोळा करावं लागत होतं. मोठं कापड हाताशी नसलं की छोट्यावर भागवलं जायचं. म्हणून सगळं सामान असलेली एक गाडी तयार करण्यात आली, आणि पायरी चुकली तर सिस्टरने डॉक्टरला थांबवायचं असा अधिकार प्रशासनाने दिला. तिथल्या सर्जिकल आयसीयूत १९९८च्या सुरुवातीला दर हजार लाईन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाईन असणं म्हणजे एक लाईन-दिवस) ११.३ संसर्ग होत होते. २००२च्या शेवटच्या तिमाहीत तो आकडा शून्यावर आला.

हीच पद्धत पुढे मिशिगन राज्यात नेण्यात आली. १०३ आयसीयूंची आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दर हजार लाईन-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेलं प्रमाण १६ ते १८ महिन्यांत १.४ वर आलं होतं. प्रत्येक आयसीयूत एक डॉक्टर आणि एक सिस्टर अशी जबाबदार जोडी नेमली होती, आणि संसर्गाचे आकडे त्या त्या आयसीयूला नियमित दाखवले जात होते. इंग्लंडमध्ये असाच कार्यक्रम राबवला तेव्हा संसर्ग कमी झाले, पण ज्या आयसीयूंत कार्यक्रम अजून सुरूच झाला नव्हता तिथेही ते कमी होत होते. म्हणजे सगळी घट कार्यक्रमामुळेच झाली असं म्हणता येत नाही, आणि छापील यादी वाटली म्हणजे काम झालं, असा अर्थही यातून काढता येत नाही.

लाईन टाकण्याचा सराव थेट रुग्णावर व्हायला नको. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने रेसिडेंट डॉक्टरांना आधी पुतळ्यावर सराव करायला लावला. अल्ट्रासाऊंडखाली शीर शोधणं, शेवटचं ड्रेसिंग यांसह एकूण २७ पायऱ्या होत्या. ठरलेले किमान गुण मिळेपर्यंत पुन्हा सराव आणि पुन्हा परीक्षा. या प्रशिक्षणानंतर त्या आयसीयूतला संसर्गाचा दर हजार लाईन-दिवसांमागे ३.२० वरून ०.५० वर आला. या पद्धतीतली मला पटणारी गोष्ट अशी की इथे वेळ कमी-जास्त होऊ शकतो, पण कौशल्याची पातळी ठरलेली राहते. एक तासाचं व्याख्यान आणि हजेरीपटावर सही यातून हे साधत नाही.

पुतळ्यावर कुठल्या चुका दिसतात? सर्वांत जास्त घाई त्वचा सुकू देण्यात होते. २ टक्के क्लोरहेक्झिडिन ७० टक्के अल्कोहोलमध्ये असलेलं द्रावण कोरड्या त्वचेवर ३० सेकंद पुढे-मागे घासायचं आणि आपोआप सुकू द्यायचं. जांघेसारख्या ओलसर जागी घासायला २ मिनिटं लागतात. हाताने वारा घालायचा नाही, कोरड्या स्वॅबने टिपायचं नाही. दुसरी चूक म्हणजे मार्गदर्शक तारेचं (जिच्यावरून लाईन शिरेत सरकवतात ती वायर) मागचं मोकळं टोक टोपीला, गाऊनच्या खांद्याला किंवा पलंगाच्या कठड्याला लागणं. करणाऱ्याचं लक्ष सुईकडे असल्याने त्याला ते कळतही नाही; शेजारी उभ्या सिस्टरला दिसतं. म्हणूनच "सर, वायर लागली, नवीन घ्या" हे वाक्य प्रशिक्षणात मोठ्याने म्हणून घ्यावं लागतं आणि त्यावर वरिष्ठांनी "बरं, द्या" म्हणायचा सरावही लागतो. धावपळीत नियम न पाळता टाकलेली लाईन ४८ तासांच्या आत काढून, गरज असल्यास नवीन टाकायची.

आता हबकडे वळू, कारण प्रशिक्षणात सर्वांत दुर्लक्ष याच भागाकडे होतं. लाईन एकदाच टाकली जाते, पण तिला दिवसभरात कितीतरी वेळा हात लागतो आणि तो बहुतेक वेळा सिस्टरचा असतो. हात निर्जंतुक करायचे, ग्लोव्हज घालायचे, अल्कोहोलचा स्वॅब हबभोवती दाबून गोल फिरवत किमान ५ ते १५ सेकंद घासायचा, सुकू द्यायचं, मगच सिरिंज जोडायची. नुसतं पुसल्याने हबच्या आट्यांमधले जंतू निघत नाहीत. चमकणारा रंग हबला लावून, घासून झाल्यावर अतिनील (यूव्ही) दिव्याखाली पाहिलं तर राहिलेला रंग आट्यांत स्पष्ट दिसतो. शिकवण्याचं याहून सोपं साधन नाही. थ्री-वेचं (लाईनला लावलेल्या तीन तोंडांच्या तोटीचं) तोंड उघडं ठेवायचं नाही आणि एकदा काढलेलं झाकण परत लावायचं नाही. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवसांनी आणि गॉजचं २ दिवसांनी बदलायचं. पण कड सुटली, आत ओल किंवा रक्त दिसलं तर तारखेची वाट न पाहता लगेच बदलायचं.

आपल्याकडे आणखी एक सवय मोडावी लागते. सलाईनच्या बाटलीत सुई टोचून ठेवायची आणि लाईन फ्लश करायला, म्हणजे सलाईन सोडून धुवायला, दिवसभर तिच्यातूनच सिरिंज भरायच्या. बाटलीत जंतू शिरले तर एकाच वेळी अनेक रुग्णांच्या रक्तात पोहोचतात. भरलेल्या सिरिंज परवडत नसतील तर एका रुग्णासाठी एकदाच वापरायचे १० मिलिलिटरचे छोटे अँप्यूल वापरावेत. अमेरिकेत या संसर्गात त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू ठळकपणे दिसतात. भारतात एम्स आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्या पुढाकाराने रुग्णालयांचं एक जाळं संसर्ग मोजतं. त्यात क्लेबसिएला नावाचा जंतू आघाडीवर आढळला आहे, आणि त्याच्या अनेक प्रकारांवर कार्बापेनेमसारखी जोरदार प्रतिजैविकंही चालत नाहीत. हे जंतू हातांवरून, सिंकच्या ओलसर कडांवरून आणि दूषित द्रावणांतून पसरतात. त्यामुळे सिंकशेजारच्या ओट्यावर औषध भरायचं नाही, हेही प्रशिक्षणात यायला हवं.

मोजमाप सोपं आहे. रोज ठरलेल्या वेळी किती रुग्णांना लाईन आहे ते मोजायचं; महिन्याची बेरीज म्हणजे लाईन-दिवस. १० खाटांच्या आयसीयूत रोज सरासरी ७ लाईन असल्या तर ३० दिवसांत २१० लाईन-दिवस होतात. तिथे एक संसर्ग झाला तरी दर हजारी ४.८ आणि पुढच्या महिन्यात नाही झाला तर शून्य. इतक्या लहान युनिटमध्ये महिन्याच्या दरावरून कर्मचाऱ्यांना शाबासकी किंवा बोलणी देण्यात अर्थ नाही. त्याऐवजी दर आठवड्याला काही वेळा हब घासताना, ड्रेसिंग बदलताना प्रत्यक्ष पाहायचं, किती वेळा सगळ्या पायऱ्या झाल्या ते फळ्यावर लिहायचं आणि रात्रपाळीलाही हे निरीक्षण करायचं. राऊंडला प्रत्येक रुग्णापाशी सिस्टरने विचारायचं, "ही लाईन आज कशासाठी लागते?" रक्तदाबाचं औषध बंद झालंय आणि हाताला शीर मिळतेय, तर लाईन त्याच राऊंडला काढायला सांगायची.