पिंपातली वर्षं, पेल्यातले गुण

पावसाची झड लागलेली, मडगावात मित्राच्या घरी आम्ही जमलेलो, आणि टेबलावर प्रत्येकासमोर पाच पेले. पेल्यांवर एक ते पाच आकडे चिकटवलेले, बाकी काही नाही. ओतणारा मी, त्यामुळे गुण द्यायचा हक्क माझा नव्हता. गुण देणारे चौघे, आणि पाचव्या वहिनी. त्या घेत नाहीत, पण ‘नुसता वास घेतला तर चालेल ना, भावजी?’ म्हणून खुर्ची ओढून बसल्या होत्या.

पहिल्या पेल्यात स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली १२ वर्षांची स्कॉच व्हिस्की, दुसऱ्यात शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली १८ वर्षांची. ही दुसरी बाटली एकाने विमानतळावरून आणलेली, किंमत सांगताना त्याचा आवाज जरा खाली यायचा. तिसऱ्या पेल्यात आपल्या गोव्यातल्याच कुंकळ्ळीची पॉल जॉन व्हिस्की, धूर नसलेली. चौथ्यात तिथलीच, पण पीट नावाच्या इंधनाच्या धुराची. कुंकळ्ळीच्या दोन्ही बाटल्यांवर वयाचा आकडा नव्हता. पाचव्या पेल्यात काय होतं ते पुढे सांगतो.

बेरीज केली तेव्हा अठरा वर्षांची बाई तिसरी आली. पहिल्या क्रमांकावर कुंकळ्ळीचा तीन नंबर. विमानतळवाल्याने कागद दोनदा तपासला आणि मग मला विचारलं, ‘तू पेले बदलले नाहीस ना?’

पेले बदलले नव्हते. पण त्याच्या मनात जे गणित होतं, म्हणजे जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली, ते गणितच आपल्या हवेत नीट बसत नाही.

बाटलीवरचा आकडा नेमकं काय सांगतो ते आधी बघू. स्कॉचच्या कायद्यानुसार मद्य ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं राहायला हवं, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको, आणि बाटलीत ते किमान ४० टक्क्यांचं हवं. वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की एकत्र केली असेल तर बाटलीवर त्यातल्या सगळ्यात धाकटीचं वय लिहायचं. म्हणजे ‘१२’ हा आकडा लाकडाच्या सहवासाचा किमान काळ आहे. बाटली बंद झाली की घड्याळ थांबलं. कपाटात वडिलांच्या काळापासून जपून ठेवलेली बारा वर्षांची बाटली आज चाळीस वर्षांची झालेली नसते, ती बाराचीच असते. फेणीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. फेणी गराफांवात, म्हणजे काचेच्या मोठ्या बुधल्यात राहते, लाकडात नाही. (जाता जाता: आपल्या मराठीतलं ‘पिंप’ पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलंय असं मानतात. गोव्यात बसून पिंपाबद्दल लिहायला एवढा अधिकार पुरेसा आहे.)

आता पिंपाच्या आत काय होतं? ताजं गाळलेलं मद्य पाण्यासारखं पारदर्शक असतं. त्यातले फळांसारखे वास बहुतेक यीस्टने आंबवताना तयार केलेल्या एस्टर नावाच्या संयुगांचे. पिकलेल्या केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. रंग आणि बराचसा गोडवा मागाहून लाकडातून येतो. पिंप करताना आतून भाजतात किंवा चक्क जाळतात. त्या आचेने ओकमधल्या लिग्निनचे तुकडे पडतात, त्यांतला एक व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास. हेमिसेल्युलोजमधल्या साखरा करपून कॅरमलकडे झुकतात. युजेनॉल मिळतं, जे आपल्या लवंगेतही असतं. आणि ओकमध्ये लॅक्टोन नावाची संयुगं असतात, विशेषतः अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये, ज्यांचा वास थेट नारळाचा. आतला कोळशाचा थर गंधकाचे उग्र वास शोषून घेतो. म्हणजे पिंप देतं तसं काढूनही घेतं.

वहिनींनी तिसऱ्या पेल्याचा वास घेतला आणि क्षणभरही न थांबता म्हणाल्या, ‘दोदोल.’ परदेशी चाखणारे अशा वेळी ‘टॉफी, व्हॅनिला, कोकोनट’ लिहितात. दोदोल या आपल्या मिठाईसाठी माडाचा गूळ आणि नारळाचं दूध घरी तासन्तास आटवताना ज्याने पाहिलंय त्याला हे तीन शब्द कशाला हवेत? बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. स्कॉटलंडच्या संशोधकांनी १९७९ साली वासांच्या शब्दांचं एक चक्र तयार केलं, सगळ्यांनी एकच भाषा बोलावी म्हणून. कल्पना चांगली. पण त्या चक्रात दोदोल नाही, पाडाचा फणस नाही. आपलं चक्र आपणच करायला हवं.

आता हवेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

पिंप हवाबंद नसतं. लाकडातून मद्य उडत राहतं. या तुटीला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे २ टक्के, गोव्यात सुमारे ८ टक्के, म्हणजे आपल्याकडचे देवदूत चौपट तहानलेले. बेंगळुरूच्या अमृत या व्हिस्की कंपनीने तर आपल्या एका जुन्या व्हिस्कीचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’ ठेवलं. २०० लिटरचं पिंप घ्या. २ टक्क्यांच्या हिशोबाने १२ वर्षांनी त्यात साधारण १५७ लिटर उरतील. ८ टक्क्यांनी उरतील ७४. अठरा वर्षं ठेवलं तर तिकडे १३९ आणि इकडे ४५. गोव्यात १८ वर्षांची व्हिस्की करायची म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त माल आभाळात सोडायचा. कुंकळ्ळीच्या नेहमीच्या बाटल्यांवर मोठे आकडे का दिसत नाहीत, याचं अर्धं उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

उडतं काय, हेही हवेवर ठरतं. कोरड्या हवेत, उदाहरणार्थ केंटकीतल्या तापलेल्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, पाणी झपाट्याने बाहेर पडतं आणि आतल्या मद्याची तीव्रता वर्षागणिक वाढू शकते. दमट हवेत पाण्याला बाहेर जायला जागाच नसते. आपल्या जुलैत दोरीवरचे कपडे तीन दिवस ओले राहतात, तीच गोष्ट. अल्कोहोलला मात्र ती अडचण नाही, कारण हवेत अल्कोहोलची वाफ नसते. ते उडत राहतं आणि तीव्रता खाली येते. दमट स्कॉटलंडमध्येही हे होतं, फक्त सावकाश. तिथल्या अतिवृद्ध पिंपांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात, कारण ४०च्या खाली गेलं की ते कायद्याने स्कॉच राहत नाही.

मग उष्णतेमुळे मुरणं जलद होतं म्हणजे नक्की किती? मद्याच्या गप्पांत एक रूपांतर फिरतं: गोव्याचं एक वर्ष म्हणजे तिकडची तीन. याचा उगम रसायनशास्त्राच्या एका ढोबळ नियमात आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. तिकडची वर्षाची सरासरी १० अंशांच्या आसपास, आपली २७च्या आसपास. सतरा अंशांच्या फरकाने वेग तिपटीच्या थोडा वर जातो. हिशोब सुटसुटीत आहे, आणि मला तो पटत नाही.

पिंपात एकच क्रिया चालत नाही. लाकडातून रस ओढला जाणं, लिग्निन हळूहळू तुटणं, आम्ल आणि अल्कोहोलचे नवे एस्टर होणं, लाकडातून झिरपणाऱ्या प्राणवायूने कडवट कडा झिजणं, आणि उडून जाणं. उष्णतेने या सगळ्या सारख्याच वेगाने धावत नाहीत. लाकडातला रस लवकर उतरतो. प्राणवायू मात्र लाकूड देईल तेवढाच मिळतो. त्यामुळे गोव्यात पाच वर्षं ठेवलेली व्हिस्की म्हणजे पंधरा वर्षांची स्कॉच नव्हे. ती वेगळीच वस्तू आहे: लाकूड भरपूर, फळ ताजं. लोणच्याची बरणी उन्हात ठेवली की फोडी लवकर मऊ होतात, पण वर्षभर फडताळात मुरलेल्या लोणच्याची चव त्याने येत नाही. आणि काहींना उन्हातलंच जास्त आवडतं. आपल्याकडे फार काळ ठेवलं तर मात्र लाकडाचा तुरटपणा बाकी सगळं गिळतो. इथे कौशल्य आहे ते थांबायचं कधी हे ओळखण्यात.

रंगावर विश्वास ठेवू नका, हेही इथेच सांगतो. गडद म्हणजे जुनी, हा समज मोडायला एवढं पुरे की स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमल घालायला कायद्याने मुभा आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंगवून दिली होती. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वाचल्यापासून मी चाखायला निळ्या काचेचे पेले वापरतो. धंद्यातले चाखणारेही वापरतात. पेल्याच्या आतून ओघळणारे ‘अश्रू’ बघून माना डोलावणारेही असतात. ते अश्रू मुख्यतः अल्कोहोल किती आहे ते सांगतात, दर्जा नव्हे.

चौथा पेला, धुराचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजत दबलेली वनस्पती. मोड आलेलं बार्ली तिच्या धुरावर सुकवलं की ग्वायकॉल, क्रेसोल अशी फिनॉलं दाण्याला चिकटतात. कुंकळ्ळीला हे पीट स्कॉटलंडहूनच येतं. एकाला त्यात काजूच्या भट्टीशेजारचा धूर आला, दुसऱ्याला इस्पितळातलं फिनाईल. दोघेही बरोबर, दोन्ही वास एकाच कुळातले. चार थेंब पाणी घातल्यावर धूर आणखी पुढे आला. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी २०१७ साली संगणकावर रेणूंची हालचाल मांडून हे का होतं ते दाखवलं. तीव्र मद्यात अल्कोहोलचे रेणू ग्वायकॉलला वेढून आत खोल ठेवतात. ४५ टक्के आणि त्याखाली ते पृष्ठभागाशी, म्हणजे नाकाजवळ, येऊन थांबतं. पाणी घालणं म्हणजे अपमान, असं सांगणाऱ्या काकांना हे ऐकवायला हरकत नाही.

आणि तिखट. चाखण्याआधी रेशादचा तिखट मसाला लावलेला बांगडा खाऊ नका. मिरचीचा दाह ओळखणारा मज्जातंतूंवरचा टीआरपीव्ही-१ हा संवेदना टिपणारा ग्राही अल्कोहोललाही प्रतिसाद देतो. एरवी तो सुमारे ४२ अंशांना जागा होतो, अल्कोहोलच्या उपस्थितीत ३४ अंशांनाच. घोट ‘जाळतो’ तो असा, थंड असूनही. बांगड्याने आधीच पेटवून ठेवलेल्या जिभेवर मग सगळ्याच व्हिस्की सारख्या.

आता पाचवा पेला. त्यात तिसऱ्यातलीच व्हिस्की होती. ज्याच्या घरी बसलो होतो त्याने तिसऱ्याला ८६ दिले होते, पाचव्याला ७८. तीच बाटली, तोच माणूस, मध्ये अर्धा तास आणि धुराचा एक पेला. धूर नाकात राहतो आणि पुढच्याला फिकं करतो. हे मी मुद्दाम केलं होतं, आणि त्याबद्दल त्या रात्री बोलणीही खाल्ली. पण पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातलं अंतर होतं तीन गुणांचं, आणि एका माणसाचा स्वतःशीच फरक आठ गुणांचा. म्हणून ९१ आणि ९३ यांत फरक दाखवणारे गुण वाचले की मला आधी विचारावंसं वाटतं, हा पेला त्यांना दुसऱ्यांदा दिला होता का?

गुणांपेक्षा त्रिकोणी चाचणी प्रामाणिक. तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं. पाच जणांपैकी चौघे किंवा पाचही बरोबर आले, तर ते नशिबाने होण्याची शक्यता शंभरात साडेचार. तेव्हा म्हणावं की फरक खरंच जाणवतो.

पुढच्या शनिवारी आम्ही तीच केली. एकाच भट्टीची १२ वर्षांची आणि १५ वर्षांची, निळ्या पेल्यांत, बोटभर पाण्याने सारख्या तीव्रतेला आणलेली. पाचांपैकी तिघांनी वेगळा पेला ओळखला. तिघे किंवा जास्त जण नशिबानेही पाच वेळांतून एकदा बरोबर येतात, म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही. विमानतळवाला चुकलेल्या दोघांत होता. वहिनी बरोबर होत्या, पुन्हा फक्त वासावर. त्यांनी पेला खाली ठेवला आणि उठता उठता म्हणाल्या, ‘झालं ना तुमचं? मग आता बांगडे तव्यावर टाकते.’