एक अंग गेलं, मग परत किती आलं?

"आता कसं वाटतंय?" असं विचारलं की सांगली-मिरजेकडचा पेशंट ठरलेलं उत्तर देतो, "बरं हाय की." विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही तसं म्हणतो. घरच्यांचंही तेच. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसातला हळूहळू होणारा बदल त्यांना दिसत नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वात झपाट्यानं होते. व्यायाम लागू पडतोय की बदलायला हवा, हे याच काळात कळायला लागतं आणि ते नुसत्या 'बरं हाय'वरून कळत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट मोजतात.

सर्वात स्वस्त माप घड्याळाचं. हातवाली खुर्ची, समोर 3 मीटरवर फरशीला लावलेली चिकटपट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एवढंच लागतं. "आण्णा, उठा, पट्टीपर्यंत जा, वळा आणि परत येऊन बसा. घाई करू नका, रोजच्यासारखं चाला." ही 'टाइम्ड अप अँड गो' चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. वयस्कर माणसाला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर तो पडण्याचा धोका आहे असं धरतात. पण मुरलेल्या फिजिओचं लक्ष घड्याळापेक्षा आण्णांच्या वळण्याकडे असतं. दोन पावलांत वळले, की जागच्या जागी सहा-सात बारीक पावलं टाकली? उठताना हाताचा रेटा दिला का?

दुसरं माप चालण्याच्या वेगाचं. सरळ 10 मीटर चालायला लावतात. सुरुवातीला वेग धरताना आणि शेवटी थांबताना लागणारा वेळ धरत नाहीत. सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा कमी वेग असेल, तर माणूस बहुधा घरापुरताच चालतो. 0.8 च्या वर गेला, की बाजारहाट करण्याइतका मोकळा होतो. 12 मीटर रुंद रस्ता 0.4 च्या वेगानं ओलांडायला अर्धा मिनिट लागतो. विश्रामबागच्या चौकात अर्धा मिनिट कोण थांबतंय! झटक्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत वेग सेकंदाला साधारण 0.16 मीटरनं वाढला, की ती दखल घेण्याजोगी सुधारणा समजतात.

खरी मेख हाताच्या मोजमापात आहे. दुबळ्या हातानं चहाचा कप तोंडापर्यंत नेता आला, की घरात आनंदीआनंद होतो. पण तो कसा नेला? बऱ्याचदा खांदा वर उचलला जातो, कोपर बाहेर फेकलं जातं आणि धड पुढं झुकतं. काम झालं, पण हात परत आला असं म्हणता येत नाही. शरीरानं पळवाट काढली. 1975 साली स्वीडनमध्ये तयार झालेली फ्युगल-मायर मोजणी नेमकी ही पळवाट पकडते. उदाहरणार्थ, कोपर ताठ ठेवून हात समोर खांद्याइतका उचलायचा. सुरुवातीलाच कोपर वाकलं किंवा हात बाजूला गेला तर 0, अर्ध्या वाटेत बिघडलं तर 1, नीट झालं तर 2. अशा बारीक हालचालींचे हाताला 66 आणि पायाला 34 मिळून 100 गुण होतात. पळवाट वाईटच असते असं नाही. ज्याला उद्या दुकान उघडायचं आहे, त्याला कप उचलता येणं महत्त्वाचं. पण त्याला 'हात बरा झाला' म्हणू नये.

रोजच्या कामांसाठी 1965 चा बार्थेल निर्देशांक आजही वापरतात. जेवण, आंघोळ, कपडे, जिना वगैरे दहा गोष्टी, एकूण गुण 100. मला त्यात एक खटकतं. जमिनीवर बसणं-उठणं त्यात नाहीच. जत-आटपाडीकडच्या घरात पंगतीला मांडी घालता येत नसेल, भारतीय संडासात बसता येत नसेल, तर 100 गुण मिळूनही माणूस अडतो. त्यामुळे फिजिओला हे आपण होऊन सांगावं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायला लावावी: सतरंजीवरून उठायला किती सेकंद लागले, कुठला हात टेकला, कोणाचा आधार घेतला.

घरी 3 मीटरची चाचणी घ्यायची असेल, तर खुर्ची दर वेळी तीच ठेवा, चप्पलही तीच आणि शक्यतो वेळही तीच. काठी वापरत असतील तर काठीसकटच मोजा आणि तसं वहीत लिहा. आणि शेजारी एक जण उभा राहू द्या, हात न लावता.