जुनी रिव्हॉल्व्हरं एकत्र विकताना भाव कसा ठरवावा

आजोबा किंवा वडील गेल्यावर कपाट उघडलं आणि एकाच्या जागी चार-पाच रिव्हॉल्व्हरं निघाली, असं सांगत येणारी घरं आमच्याकडे बरीच आहेत. पूर्व विदर्भातली मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, १९५१ साली संपली, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीला आळा बसला, पण त्या काळात घेतलेली हत्यारं वाड्यांतच राहिली. आता मुलं पुण्या-नागपुरात, वावर बटईने दिलेलं, आणि डिसेंबर २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका-रिव्हॉल्व्हरं ठेवता येतात. वारशाने आलेलं हत्यारही या दोनांतच मोजलं जातं. म्हणून लोक येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात: "सगळी मिळून किती देता?"

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारा, एवढंच सांगण्यासाठी हे पत्रक छापलं आहे. आम्ही परवानाधारक हत्यार-विक्रेते, म्हणजे स्वतः घेणारे आहोत, तरीही सांगतो.

पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस आणि फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरचा हलका कापूस, एकाच गाडीत भरली, तर व्यापारी कोणत्या कापसावर बोट ठेवून भाव पाडतो हे तुम्हाला सांगायला नको. रिव्हॉल्व्हरच्या लॉटमध्ये तेच होतं. घेणारा गंजलेला, कागद नसलेला नग टेबलावर पुढे ओढतो, त्यावरच बोलत राहतो, आणि तुमच्या चांगल्या दोन नगांचा भाव त्या बोलण्यात वाहून जातो. म्हणून आधी प्रत्येक नगाचा सुटा भाव कागदावर लिहून घ्या. आमच्याकडून घ्या, दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्याकडूनही घ्या. मग बेरीज करा, आणि त्यानंतर एकत्र विक्रीचं बोला.

सुटा भाव कशावर ठरतो? सगळ्यांत आधी बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप. .३२ च्या रिव्हॉल्व्हरला मागणी आहे, कारण सामान्य परवान्यावर ते घेता येतं आणि त्याची काडतुसं देशात बनतात. काही बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतात, त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालय देतं. तिथे गिऱ्हाईक कमी, म्हणून हत्यार कितीही देखणं असलं तरी भाव थांबतो. आजोबांचं वेब्ली या ब्रिटिश कंपनीचं मार्क सहा असेल, १९१५ पासून ब्रिटिश फौजेत चाललेलं .४५५ चं, हातात किलोभर वजन भरणारं, तर त्याचं मोल मनात मोठं असतं. आम्हालाही ते हातात घेताना बरं वाटतं. पण घेणारा सापडायला वेळ लागतो, हे आम्ही लपवणार नाही. विदेशी बनावटीच्या .३२ ची गोष्ट उलट आहे. १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून बाहेरून नवा माल येत नाही, त्यामुळे चांगल्या स्थितीतलं जुनं वेब्ली, कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन लोक शोधत असतात.

त्यानंतर नंबर बघतो. बऱ्याच वेब्लींवर सांगाड्याबरोबर नळी आणि सिलिंडरवरही नंबर असतो. तिन्ही जुळले तर भाव चढतो. सिलिंडर दुसऱ्याच नगाचं निघालं तर उतरतो. परवान्यातला नंबर आणि हत्यारावरचा नंबर एकच आहे का, हे मात्र भावाच्याही आधी बघावं लागतं. एका आकड्याची चूक दुरुस्त व्हायला कचेरीत कितीतरी खेटे पडतात.

मग पॉलिश, म्हणजे धातूवरचा मूळ रंग. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाड्यात दोन नग पाहिले होते. एक चामड्याच्या म्यानात जपून ठेवलेलं, दुसरं तेलात भिजवलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. घरच्यांचा सगळा जीव म्यानातल्यावर. म्यान सोडवलं तर चामड्याने धरलेल्या ओलीने नळीच्या एका अंगाला गंजाची खरबरीत चकती उठली होती. धोतरातल्याचा निळसर काळा रंग जसाच्या तसा, घोडा ओढला की स्वच्छ टक् वाजायचा. भाव त्याचाच जास्त आला. कृपा करून विकण्याआधी राख, चिंच, पॉलिश पेपर लावून घासू नका. गंज निघतो, पण मूळ रंग आणि कोरलेले शिक्केही जातात, आणि ते परत आणता येत नाहीत.

आता एकत्र भावाकडे. समजा पाच नगांच्या सुट्या भावांची बेरीज १०० आहे. त्यातले दोन चांगले नग मिळून ७०, उरलेले तीन मिळून ३०. आम्ही पाचांचे ८५ म्हणालो, तर वरचे १५ कुठे गेले हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमचं उत्तर असं: ते तीन नग आमच्या तिजोरीत वर्ष-दोन वर्षं पडून राहतील, प्रत्येकाला वेगळा परवानाधारक शोधावा लागेल, प्रत्येकाचे कागद वेगळे. हे खरं खर्चाचं काम आहे. पण ८५ च्या जागी ६० म्हटलं तर उठून जा, कारण तुमचे दोन चांगले नगच ७० चे आहेत.

उलट बाजूही लक्षात घ्या. एखादा गिऱ्हाईक ते दोन चांगले नग सुटे ७५ ला मागेल. मोह होतो. पण मग मागे उरलेल्या तिघांना कोण विचारणार? सुटे देणार असाल तर आधी त्या तिघांची सोय बघा. परवाना असलेली सामान्य व्यक्ती एकटी पाचही घेऊ शकत नाही, तिला दोनाची मर्यादा आहे. म्हणून अख्खा लॉट घेणारा बहुधा परवानाधारक विक्रेताच असतो, आणि हे त्यालाही ठाऊक असतं. घाई दाखवलीत की भाव पडलाच समजा.

एका बाबतीत मात्र एकत्र विकल्याने भाव वाढतो. लागोपाठ नंबरची दोन रिव्हॉल्व्हरं, किंवा मूळ पेटी, साफसफाईची सळई आणि खरेदीची पावती यांसकट असलेला नग. पोळ्याला मिरवलेली एका मापाची बैलजोडी कोणी फोडून विकत नाही, तसंच हे. जोडीचा भाव दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त मागा.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे. आमच्या दुकानात तसं होत नाही. प्रत्येक नगाचा भाव आम्ही लिहून देतो आणि तो कागद सगळ्या वारसांनी बघावा असा आग्रह धरतो, लेकी-बहिणींनी सुद्धा. थोरल्या भावाने एकट्याने सौदा केला आणि पुढे घर फाटलं, असं व्हायला नको.

कायद्याचं थोडक्यात. परवानाधारक वारले असतील तर हत्यार विनाकारण वेळ न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. घरात ठेवून भावाची वाट बघू नका. विकण्याआधी कोणाला विकणार हे नाव-पत्त्यासह जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. इसार घेताना ही मुदत धरूनच तारीख ठरवा. "फार जुनं आहे, परवाना लागत नाही" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कायद्यातली सूट चालण्याजोग्या नसलेल्या हत्याराला आहे, नुसत्या वयाला नाही.

पहिल्या भेटीला हत्यार पिशवीत घालून एसटीने आणू नका. परवान्याची प्रत, मृत्यूचा दाखला, जमा केल्याची पावती आणि वारसांची नावं एवढं आणा. हत्यार जिथे जमा असेल तिथे येऊन, ठाण्याच्या परवानगीने, आम्ही बघू. बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही, सौदा झाला नाही तरी.